काळ्या फडक्याआडचा माणूस : स्वस्त निंजापटांची मोहिनी आणि मर्यादा

(पाली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पालीत व्याख्यान म्हटलं की किल्ले, अष्टविनायक नाहीतर संतसाहित्य अशी एक अपेक्षा असते. मी विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी फोनवर दोनदा विचारलं, "निंजा म्हणजे ते काळे कपडेवालेच ना?" म्हटलं, तेच. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. या तर खरं." (हशा)

तर आलोय. तासभर टिंगल करून पाठवून देणं सोपं आहे. या सिनेमांवर हसायला अक्कल लागत नाही. मला विचारायचंय ते वेगळं. जे सिनेमे इतके वाईट होते, ते आम्ही जीव टाकून का बघत होतो? आणि त्यांच्यात नेमकं वाईट काय होतं? पैसा कमी होता हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

साधारण १९९१-९२ची गोष्ट. अंबा नदीच्या काठची आमची वाडी. सार्वजनिक सत्यनारायण झाला की रात्री व्हिडिओ लावायचे. वर्गणी काढायची, भाड्यानं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणायचा, तीन कॅसेटी. पहिला पिक्चर मराठी, बायकांसाठी. 'माहेरची साडी' आल्यावर तर दुसरं काही लावायची सोयच नव्हती. दुसरा हिंदी, बहुतेक मिथुनचा. आणि रात्री दोन-अडीच वाजता, लहान पोरं गोधडीत आणि म्हातारे भिंतीला टेकून झोपले की तिसरा. त्याला नाव नसायचं. "इंग्लिश मारामारीचा" एवढंच.

त्या तिसऱ्या पिक्चरला आमचे आप्पा बोलायचे. आप्पा म्हणजे माझे चुलते. मुंबईत गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर गावी परतले ते परतलेच. टीव्हीच्या बाजूला उकिडवे बसून ते गोष्ट सांगायचे. "हा गोरा आहे ना, ह्याच्या गुरूला त्या काळ्यानं मारलं. आता हा सूड घेणार." आम्ही श्वास रोखून बघायचो. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं. (हशा) चित्र बघायचे आणि जागच्या जागी गोष्ट रचायचे. आप्पांना ध्यानात ठेवा, मी परत त्यांच्याकडे येणार आहे.

आता ओढ कशाची होती ते बघू. भाषा लागत नव्हती, हे तर आहेच. पण मारामारीचे इंग्रजी सिनेमे पुष्कळ होते. निंजाच का? मला वाटतं, त्या फडक्यामुळे. ब्रूस ली व्हायला ब्रूस लीचं अंग लागतं. निंजा व्हायला बहिणीची काळी ओढणी पुरते. डोळे तेवढे उघडे ठेवायचे, झालं. डालड्याच्या डब्याचं झाकण कापून चांदण्या करायच्या आणि सरसगडाच्या वाटेला लागायचं. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या आमच्यासाठी जपान होत्या. माझ्या या भुवईवर जी खूण दिसतेय ती त्याच जपानातली. मारणारा कोण ते आजतागायत ठरलेलं नाही, कारण सगळ्यांनी तोंडं बांधली होती. (हशा)

हसू नका, यात मुद्दा आहे. तोंड बांधलं की जात, घर, बापाचा पगार, शाळेतले मार्क, सगळं झाकलं जातं. उरतं फक्त अंगातलं कसब. गरीब पोराला याहून मोठी लालूच कुठली?

या काळ्या कपड्यांची एक कथा सांगतो. जपानात इगा आणि कोगा या भागांतले हेर प्रसिद्ध होते. पण खरा हेर काळे कपडे घालून बाजारात फिरेल का? आपल्याकडे बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकलेल्या कुणालाही हे पटेल : हेराचा वेष म्हणजे कुणाच्या लक्षात न येणारा वेष. फकीर, शेतकरी, फेरीवाला. मग हे काळं आलं कुठून? असं मानलं जातं की ते रंगभूमीवरून आलं. काबुकी नाटकात काळ्या कपड्यातले मदतनीस असतात, त्यांना कुरोको म्हणतात. नटाच्या हातात वस्तू द्यायची, सामान हलवायचं. ते समोर दिसत असतात, पण प्रेक्षकांनी ते दिसत नाहीत असं धरून चालायचं, हा संकेत. आणि एखाद्या नाटकात त्याच 'न दिसणाऱ्या' माणसानं अचानक तलवार चालवली तर? प्रेक्षक हादरणारच.

म्हणजे निंजाचा वेष हा मुळात मजुराचा वेष. राबणाऱ्याचा, ज्याच्याकडे बघायचं नाही असं आपण ठरवलंय त्याचा. हे डोक्यात ठेवून आता सिनेमांकडे जाऊ.

जपानी लोकांनी स्वतः निंजांवर चांगले सिनेमे केलेत. १९६२ चा सात्सुओ यामामोतोंचा 'शिनोबी नो मोनो' घ्या. त्यात निंजा हा वरच्या माणसांनी वापरून घेतलेला प्यादा आहे. जगभर निंजाची लाट आणली ती मात्र कॅनन या कंपनीनं. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस हे दोन चुलतभाऊ कमी पैशांत धडाधड सिनेमे काढायचे. १९८१ साली आला 'एंटर द निंजा'. नायक फ्रँको नीरो, इटालियन वेस्टर्नमधला मोठा तारा. मूळ कल्पना होती माईक स्टोन या कराटेपटूची. नायकही तोच होणार होता. पण नीरो आला आणि स्टोनकडे काय राहिलं? मारामारी बसवायची आणि नीरोला जमत नाही तिथे फडकं बांधून नीरोच्या जागी लढायचं. चेहरा एकाचा, अंग दुसऱ्याचं. फडक्याचा खरा उपयोग हा होता. निर्मात्याच्या दृष्टीनं ते सगळ्यात स्वस्त स्पेशल इफेक्ट.

आणि रंग बघा. गोरा नायक पांढऱ्या वेषात, जपानी खलनायक काळ्या वेषात. हा परका आमची विद्या का शिकला, हा त्या जपान्याचा राग. त्या रागाला सिनेमा ऐकूनच घेत नाही. मारून टाकतो. तो खलनायक केला होता शो कोसुगी यांनी, आणि पडद्यावर खरं कसब असणारा तोच होता. प्रेक्षकांनी ते ओळखलं. दोन वर्षांनी, १९८३च्या 'रिव्हेंज ऑफ द निंजा'मध्ये कॅननला त्यांना नायक करावं लागलं. तो सिनेमा आजही बघा. कथा सामान्य आहे, पण शेवटची गच्चीवरची लढाई बघताना तुम्ही घड्याळाकडे बघणार नाही. फडक्याआडचे डोळे आणि हात एकाच माणसाचे आहेत, हे कळतं.

पुढच्या वर्षीचा 'निंजा ३ : द डॉमिनेशन' म्हणजे तर आमच्या वाडीचा लाडका. टेलिफोनच्या खांबावर चढून काम करणारी, एरोबिक्स शिकवणारी एक अमेरिकन मुलगी. मरणाऱ्या निंजाचा आत्मा तिच्या अंगात शिरतो. अमेरिकन समीक्षकांना हे हास्यास्पद वाटलं असेल. आप्पांनी एका वाक्यात समजावलं : "हिच्या अंगात आलंय." संपलं! सगळ्या वाडीला कळलं. पुढे तो आत्मा उतरवायचे प्रकार चालतात तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "असा नाय जायचा तो." (हशा) आणि खरंच जात नाही. निंजाला निंजाच लागतो.

इथपर्यंत मी या सिनेमांच्या बाजूनं बोलू शकतो. हाँगकाँगला गेल्यावर मात्र जीभ अडखळते.

तिथे जोसेफ लाय यांची आयएफडी नावाची कंपनी होती आणि गॉडफ्री हो नावाचे दिग्दर्शक. हो यांनी उमेदवारी केली होती चांग चेह यांच्यासारख्या मोठ्या माणसाच्या हाताखाली. कामाची पद्धत अशी : कोरियाचा किंवा तैवानचा एखादा पडून राहिलेला सिनेमा स्वस्तात घ्यायचा. थोडे दिवस बागेत चार गोऱ्या माणसांना रंगीत निंजावेष घालून लढवायचं. कपाळपट्टीवर 'निंजा' असंच लिहिलेलं, म्हणजे शंका नको. मग दोन्ही एकत्र शिवायचं. या सिनेमातला माणूस त्या सिनेमातल्या माणसाशी फोनवर बोलतो, की झाली एक कथा. १९८५च्या 'निंजा टर्मिनेटर'मध्ये नायक रिचर्ड हॅरिसन गारफिल्ड या कार्टूनमधल्या मांजराच्या आकाराच्या फोनवर गंभीरपणे बोलतो. हे दृश्य बघून जग हसतं. मीही हसलो.

मग त्या हॅरिसनबद्दल वाचलं. ते मोजक्या सिनेमांसाठी काम करून गेले. त्यांची दृश्यं कापून, वाटून, नवे संवाद चिकटवून कितीतरी सिनेमे निघाले, आणि ते सगळ्यांचे नायक होऊन बसले. स्वतःचा चेहरा आपल्याला न विचारता विकला जातोय, हे त्यांना मागाहून कळलं. आणि त्या कोरियन सिनेमातल्या माणसांचं काय? कुणीतरी ती कथा लिहिली होती, कुणीतरी मन लावून काम केलं होतं. त्यांच्या तोंडी दुसरेच शब्द घातले. त्यांना तर काळं फडकंही बांधावं लागलं नाही. उघड्या चेहऱ्यानं गायब केलं.

या सिनेमांचा खरा दोष हा आहे. तुच्छता. 'बघणाऱ्याला काय कळतंय' आणि 'काम करणाऱ्याला कोण विचारतंय', ही दोन वाक्यं त्यांच्या प्रत्येक जोडात ऐकू येतात. फाटका सेट मी चालवून घेईन. आपला दशावतारी एका बाकड्यावर बसतो आणि ते सिंहासन होतं. तिथे कुणी बजेट विचारतं का? उचलेगिरीही मला मोठा गुन्हा वाटत नाही. बी. सुभाष यांचा १९८८ चा 'कमांडो' उघडउघड 'अमेरिकन निंजा'वरून घेतलाय. डॅनीच्या पात्राचं नावच निंजा! पण त्यात मिथुन घाम गाळतो, प्रेक्षकाला फसवायचं म्हणून नाही, जिंकायचं म्हणून. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'तली बाहुली परदेशातून सुचली असेल, पण रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू आपला झाला की नाही?

आता आप्पांकडे येतो. तुम्ही म्हणाल, तुमच्या आप्पांनी वेगळं काय केलं? परक्याच्या चित्रावर आपलीच गोष्ट चिकटवली. गॉडफ्री होंनीही तेच केलं.

या प्रश्नानं मला बरेच दिवस छळलं. माझं उत्तर असं. आप्पांची पाठ अर्धी टीव्हीकडे असायची आणि तोंड आमच्याकडे. पोरं पेंगायला लागली की ते गोष्टीला वळण द्यायचे. कुणी घाबरलं की खलनायकाला जरा मऊ करायचे. गोष्ट खोटी होती, पण ती आमच्यासाठी होती. होंच्या खोलीत त्या कात्रीसमोर प्रेक्षक नव्हताच. गिऱ्हाईक होतं, तेही कॅसेटच्या वेष्टनापुरतं.

याच आपल्या महाराष्ट्रात मालेगाव आहे. यंत्रमागाचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' केला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट बघा. बैलगाडीची क्रेन होते, सायकलची ट्रॉली होते. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमागावर राबणारा काडीसारखा मुलगा. पुढे तो कर्करोगानं गेला. त्याच्यावर २०२४ साली रीमा कागतींनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'मध्ये गोष्टच सांगितली. हे सिनेमे विनोदी आहेत, पण विनोद कुणावर? आपल्यावर, गावच्या धुरावर, वीज जाण्यावर, गुटख्यावर. शफीकचा चेहरा उघडा आहे. गर्दीतली माणसं आपल्याच गल्लीतली आहेत आणि उद्या सिनेमा बघायला तीच येणार आहेत. दिग्दर्शकाला पळायला जागा नाही. हॅरिसनचे दहा सिनेमे ज्या पैशांत शिवले असते, त्याहून कमी पैशांत हे झालं.

म्हणून समीक्षा करताना मी स्वतःला दोन प्रश्न घालून घेतलेत. हे करणाऱ्याला माझी कदर आहे का? आणि ज्यानं उडी मारली त्याची त्यानं दखल घेतली का? उत्तर हो असेल तर दोरी दिसली तरी चालेल. नाही असेल तर कोट्यवधींचा सिनेमाही माझ्या लेखी निंजाचा जोडकाम आहे. असे मोठे सिनेमेही आपण बघतो, नाही का?

शेवटचं. सकाळी इथे आलो तेव्हा तळ्याजवळ चार-पाच मुलं मोबाईलवर मारामारी चित्रित करत होती. एक कठड्यावरून उडी मारत होता, बाकीचे "परत, परत" ओरडत होते. फडकं कुणी बांधलं नव्हतं. मी विचारलं, व्हिडिओ कुठे टाकता? त्यांनी दाखवला. चांगला होता, खरंच. खाली एकाचंच नाव, ज्याचा मोबाईल त्याचं. मी म्हटलं, उडी मारणाऱ्याचं नाव कुठाय? तो लाजला. म्हणाला, "राहू दे, काका."

राहू देऊ नका. तुमच्या घरात, शेजारात अशी मुलं असतील तर त्यांच्या सिनेमाला हसा, चुका दाखवा, कडक बोला. पण त्याआधी विचारा, उडी कुणी मारली. आणि ते नाव त्यांना लिहायला लावा.

एवढं बोलून थांबतो.