आवाजापासून नजरेपर्यंत

फादर अँथनी डिमेलो यांच्या ‘साधना’ या पुस्तकातला अकरावा अभ्यास कान बंद करून सुरू होतो. अंगठ्यांनी कान दाबायचे, तळव्यांनी डोळे झाकायचे आणि बाहेरचं काही ऐकू येईनासं झालं की आपलाच श्वास ऐकायचा. दहा श्वास झाले की हात सावकाश मांडीवर आणायचे. इथवरचं सगळं कुठल्याही योगवर्गात चालून जाईल. खरी गोष्ट हात खाली आल्यावर सुरू होते. आता जे जे आवाज कानावर येतील ते सगळे ऐकायचे, मोठे, बारीक, जवळचे, लांबचे. हे घड्याळ, ही पावलं, ही गाडी अशी नावं मात्र त्यांना द्यायची नाहीत. सगळे मिळून एकच आवाज चालू आहे, असं ऐकत राहायचं.

नवी मुंबईत राहणाऱ्याने हा अभ्यास संध्याकाळी सातच्या सुमाराला करून पाहावा. नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे, कुठलाही नोड चालेल. दहा श्वासांनंतर हात खाली येतात आणि नगर एकदम अंगावर येतं. शेजारच्या कुकरची शिट्टी, मागे येणाऱ्या गाडीचं रिव्हर्सचं गाणं, दार नीट न लागल्यामुळे तेच तेच बजावत राहणारी लिफ्ट, एसीच्या बाहेरच्या पेटीवरची कबुतरं, खाली क्रिकेटवरून चाललेला मुलांचा तंटा आणि या सगळ्याच्या तळाशी लोकल गाडीची घरघर. मन लगेच निवाडा करायला धावतं: हा आवाज चालेल, हा नको, हा कधी थांबणार? डिमेलो नेमके इथेच हात धरतात. आवाजाने चित्त विचलित होतं ते आपण त्याच्यापासून पळू पाहतो म्हणून, असं त्यांचं म्हणणं आहे. पळणं सोडलं, त्याच्याकडे सरळ कान दिला, की तोच आवाज शांततेची वाट होतो. हे वाचून पटण्यासारखं नाही. करून पाहिल्यावर मात्र पटतं, तेही रोज नाही.

अभ्यास इथे थांबला असता तर ते चित्त एकाग्र करण्याचं एक चांगलं तंत्र ठरलं असतं. डिमेलो आणखी एक पाऊल टाकतात. कानावर पडणारा प्रत्येक नाद देवाच्या सामर्थ्यातून उमटतो आहे आणि त्याच्याच सामर्थ्यावर टिकून आहे, म्हणजे तुमच्याभोवती देवच निनादतो आहे, हे मनात आणा, आणि त्या नादात, म्हणजे देवात, विसावा घ्या. ‘ऐका’वरून ते किती अलगद ‘विसावा घ्या’वर येतात हे पाहण्यासारखं आहे. मध्ये उपदेशाचं एक वाक्य नाही. आवाज तेच, कान तेच, फक्त ऐकणाऱ्याची बैठक बदलली. शिट्टी आणि लिफ्ट वगळून देव शोधायचा नाही, त्यांच्यासकट शोधायचा, ही इग्नेशियस लोयोलाची जुनी शिकवण. सर्व गोष्टींत देव पाहा, असं येशूसंघाचे हे संस्थापक सांगत आले. डिमेलोंनी ती शिकवण कानाच्या पडद्यापर्यंत आणून ठेवली.

डिमेलो मुंबईचेच. जन्म 4 सप्टेंबर 1931चा. सोळाव्या वर्षी, 1947मध्ये, ते अंधेरीच्या विनयालयात येशूसंघात दाखल झाले. पुढे स्पेनमध्ये तत्त्वज्ञान आणि शिकागोला मानसशास्त्र शिकून परतले. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात सुरू झालेली त्यांची साधना इन्स्टिट्यूट नंतर लोणावळ्याला गेली. नवी मुंबईहून द्रुतगती मार्गाने घाट चढला की येणारं तेच लोणावळा. ‘साधना’ हे पुस्तक 1978चं, आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशनाने काढलेलं. पौर्वात्य रूपातले ख्रिस्ती अभ्यास, अशी त्याची ओळख उपशीर्षकातच दिलेली आहे. 1987च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला ते अचानक गेले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.

पुस्तकात एकूण 47 अभ्यास आहेत आणि ते तीन भागांत येतात: जाणीव, कल्पना आणि भक्ती. भाषा बोलण्यातली आहे. समोर दहा-बारा माणसं बसली आहेत आणि फादर हळू आवाजात सांगत आहेत, अशी. म्हणून हे पुस्तक मनात भरभर वाचणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. ते कुणीतरी मोठ्याने, थांबत थांबत वाचावं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावं. पहिलाच अभ्यास दहा मिनिटं गप्प बसण्याचा आहे. ती जमली नाहीत तरी बिघडत नाही, आपल्याला गप्प बसता येत नाही हे कळलं हीसुद्धा शांततेनेच दिलेली ओळख आहे, असा दिलासा डिमेलो देतात. दुसऱ्या अभ्यासात ते खांद्यांना होणारा कपड्यांचा स्पर्श जाणायला सांगतात. मग पाठीला लागलेली खुर्ची, एकमेकांवर टेकलेले हात, मांड्या, बुटांतली पावलं. एवढंच, पुन्हा पुन्हा. प्रार्थनेच्या पुस्तकात पावलांना बूट जाणवावेत याचं पहिल्या वाचनात नवल वाटतं. पण ज्या धर्माच्या केंद्राशी देवाने देह धारण केला ही श्रद्धा आहे, त्याच्या प्रार्थनेने देहातूनच आत जावं यात गैर काय?

मराठी ख्रिस्ती भक्ती आजवर मुख्यतः मुखाने चालत आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616चं, ओवीबद्ध, गाऊन ऐकवण्यासाठी रचलेलं. त्यानंतर तीन शतकांनी नारायण वामन टिळकांनी येशूला अभंगात आळवलं, चर्चमध्ये कीर्तन आणलं. आपण तुकोबांच्या आधाराने ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं टिळक उघडपणे मानत. मराठी माणसाला ही वाट ओळखीची, कारण नाम घ्यायचं ते जिभेने हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. डिमेलो त्याच प्रदेशात बसून आधी कान उघडायला लावतात. त्यांनी एका बौद्ध शिबिरात तासन् तास श्वासाकडे पाहिलं होतं आणि तो अनुभव ते पुस्तकात मोकळेपणाने सांगतात. परंपरेत ही भर आहे, विरोध नाही. पुढे भक्तीच्या भागात तेही नामाकडे वळतात, आणि वळतात ते थेट सहस्रनामाकडे.

सहस्रनामाच्या ह्या छत्तिसाव्या अभ्यासाचा भाव मराठी वाचकाइतका लवकर इतर कुणाला कळणार नाही. हिंदू भक्त देवाची हजार नावं घेतो, तशी तू येशूची हजार नावं घडव, असं डिमेलो सांगतात. ठरलेली नावं पाठ म्हणायची नाहीत, आपल्या गरजेतून, प्रेमातून, कृतज्ञतेतून नवी काढायची. वारकऱ्याला यात अवघड काही नाही, विठ्ठलाला माउली, सखा, चोर, काय हवं ते म्हणत तो वाढला. पण मग अभ्यास उलटा फिरतो. आता येशू तुझ्यासाठी हजार नावं काढतो आहे, ती ऐक. इथे बहुतेकांची गाडी अडते. आपण देवाला गोड नावं देऊ शकतो, देवाच्या तोंडून आपल्यासाठी गोड नाव ऐकायला धजत नाही. त्याच्या तोंडी पटकन एखादी तक्रार घालून मोकळे होतो: तू हे सोड, ते सुधार. माणसं असं करतात हे डिमेलोंनी शिबिरांत पाहिलेलं आहे आणि ते तसं नोंदवतात. टीका ऐकायला आपला कान तयार असतो, प्रेम ऐकायला त्याला तयार करावं लागतं. अकराव्या अभ्यासात लिफ्टपासून न पळायला शिकलेला कान इथे कामाला येतो. दोन अभ्यासांमधला हा धागा लेखकाने कुठे बोलून दाखवलेला नाही, पण पुस्तकाची वीण तीच आहे असं मला वाटतं.

पुढचाच, सदतिसावा अभ्यास या पुस्तकाचा कळस. तो अविलाच्या संत तेरेसाकडून आलेला आहे. सोळाव्या शतकातल्या या स्पॅनिश संन्यासिनीने प्रार्थना शिकणाऱ्यांना फार थोडं करायला सांगितलं. येशू समोर उभा आहे आणि तो तुझ्याकडे पाहतो आहे, एवढं लक्षात घे. बोलायचं नाही, मागायचं नाही, चिंतनही करायचं नाही. त्याची नजर कशी आहे तेवढं मात्र नीट पाहायचं: ती प्रेमाची आहे आणि नम्र आहे. दोन्ही गोष्टी जाणवल्या पाहिजेत, असा डिमेलोंचा आग्रह. काहींना प्रेमाची नजर झेपत नाही, कारण त्यांच्या मनातला येशू करडा आहे, हिशेब मागणारा आहे. त्याहून अधिक जण नम्रतेपाशी अडखळतात. देव आपल्याकडे नम्रपणे पाहील हे आपल्या कल्पनेतच बसत नाही. शिष्यांचे पाय धुणाऱ्या, गुलामाला द्यायचं मरण पत्करणाऱ्या येशूची आठवण देऊन डिमेलो ती अडचण दूर करू पाहतात.

दिवसभर आपल्याकडे कोण कोण कसं पाहतं हे आठवून हा अभ्यास वाचावा. ऐरोलीच्या आयटी पार्कच्या दारात ओळखपत्र तपासणारी नजर, पगारवाढीच्या महिन्यातली साहेबाची नजर, लग्नाच्या मंडपात कपडे जोखणारी नजर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच 1970ची. तिने आखलेल्या ह्या नगरात वसई-वांद्र्यासारखी शतकांची चर्चं नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारे शेजारी नाहीत. केरळहून, गोव्यातून, मंगळूरहून, वसईतून, नगर जिल्ह्यातून घरं इथे आली आणि सेक्टरच्या आकड्याने ओळखली जाऊ लागली. रविवारच्या मिस्साला शेजारी बसलेल्याचं आडनावही पुष्कळदा माहीत नसतं. अशा ठिकाणी कुणीतरी आपल्याकडे काही न मागता, खालून वर पाहिल्यासारखं पाहतं आहे, ही जाणीव दोन मिनिटं टिकली तरी माणूस हलतो. मी माणसं हललेली पाहिली आहेत.

म्हणूनच या पुस्तकाच्या आजच्या वापराबद्दल मला बोलावंसं वाटतं. त्याचा पहिला भाग उचलून तिसरा टाकून देण्याची रीत पडली आहे. श्वास पाहा, शरीर जाणा, ताण घालवा, हे कार्यालयांना परवडतं, मोबाइलच्या ॲपलाही परवडतं. त्याने झोप सुधारते, रक्तदाबाला बरं पडतं, त्याला माझी ना नाही. पण डिमेलोंनी खांद्यावरच्या कपड्याचा स्पर्श जाणायला सांगितला तो पुढे त्या नजरेचा स्पर्श जाणवावा म्हणून. पहिल्या चौदा अभ्यासांत इंद्रियं जागी होतात. कुणासाठी जागी होतात, हे शेवटच्या पंधरांत कळतं. नजरेविना उरलेली जाणीव शांत असेल, पण एकटी असते.

आपल्या उत्तरकाळात डिमेलो स्वतःही निखळ जाणिवेकडे झुकत गेले. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, 24 जून 1998 रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली. तिच्यावर पुढे पोप झालेल्या कार्डिनल रॅट्झिंगरांची सही होती. सुरुवातीच्या पुस्तकांचा उपयोग सूचनेने मान्य केला, त्यांतल्याही काही जागांवर बोट ठेवलं, आणि मुख्य आक्षेप नंतरच्या लेखनावर घेतला. त्या वादात मी शिरत नाही. ‘साधना’पुरतं मात्र सांगतो: येशूचं नाव काढून घेतलं तर हे पुस्तक उभं राहत नाही.

मधला, कल्पनेचा भाग मला असमान वाटतो. स्वतःची अंत्ययात्रा पाहा, स्वतःचं प्रेत कुजताना पाहा, हे अभ्यास एकापाठोपाठ एक येतात आणि त्यांचा जोर ओसरतो. दोन्हींतला एक पुरला असता. मात्र त्याच भागात एकविसावा अभ्यास आहे, रिकाम्या खुर्चीचा. एका आजारी माणसाला भेटायला धर्मगुरू जातात. खाटेशेजारी एक रिकामी खुर्ची असते. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कधी समजलंच नाही, मग एका मित्राने सांगितलं की समोर खुर्ची ठेव, येशू तिच्यात बसला आहे असं समज आणि बोल, असं तो माणूस सांगतो. काही दिवसांनी त्याची मुलगी कळवते की वडील गेले. ती थोडा वेळ खोलीबाहेर गेली होती, परत आली तेव्हा त्यांचं डोकं खाटेवर नव्हतं, त्या खुर्चीवर टेकलेलं होतं. डिमेलो ही हकीकत वर काहीही न लावता सांगतात आणि लगेच अभ्यासाकडे वळतात: तुम्हीही खुर्ची ठेवा. त्यांच्या लेखणीचा संयम फार थोड्या जागी इतका उतरला आहे.

शेवटचा, सत्तेचाळिसावा अभ्यास स्तुतीचा आहे. ख्रिस्ताचं सान्निध्य सर्वांत खरं करणारी प्रार्थना म्हणून डिमेलो याच प्रार्थनेची निवड करतात: घडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी, वाईटासाठीसुद्धा, देवाचे आभार. इथे मी त्यांच्याबरोबर पुरता जाऊ शकत नाही. आठवड्यापूर्वी मूल गेलेल्या आईच्या हाती हा अभ्यास देणं मला क्रूर वाटतं, वर्षानुवर्षं साधना केलेल्या माणसाला तो आतून सुचला तर गोष्ट वेगळी. नवी मुंबईतल्या ज्या घरात दुःख ताजं आहे तिथे हे पुस्तक घेऊन जायची वेळ आली, तर मी ते मागून उघडणार नाही. सदतिसावाही नाही, कारण रडून सुजलेल्या डोळ्यांना कुणाची नजर सोसवत नाही, प्रेमाचीदेखील. एकविसावा मोठ्याने वाचून दाखवीन आणि त्यांना हवं असेल तितका वेळ तिथेच बसेन.