देहयष्टी आणि वेषप्रकार : एका वर्गीकरणाची परीक्षा

कोणत्या बांध्यास कोणता वेष शोभतो, हा प्रश्न वरवर पाहता शिंप्याचा अथवा वेषभूषाकाराचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर जेव्हा नामांकित वर्गांच्या रूपाने दिले जाते, तेव्हा तो अर्थविचाराच्याही कक्षेत येतो. अमेरिकन वेषसल्लागार डेव्हिड किबी यांनी १९८७ मध्ये ‘मेटामॉर्फसिस’ या ग्रंथात मांडलेले वर्गीकरण या दृष्टीने परीक्षणीय आहे. तीन तपांहून अधिक काळ लोटल्यावरही अनेक स्त्रिया स्वतःचा ‘प्रकार’ त्यात शोधीत आहेत. तेव्हा त्याची उपेक्षा करणे उचित होणार नाही.

या मांडणीस पूर्वपीठिका आहे. बेल नॉर्थ्रप यांनी १९३० नंतरच्या दशकात यिन् आणि यांग् या चिनी संकल्पनांचा वेषविचारात उपयोग केला, आणि हॅरिएट मॅकजिम्सी यांच्या १९६३ च्या ‘आर्ट इन क्लोदिंग सिलेक्शन’ या पाठ्यपुस्तकाने तोच धागा पुढे नेला. किबी यांच्या व्यवस्थेत एका टोकास लांब व टोकदार रेषांचा ‘ड्रॅमॅटिक’, तर दुसऱ्या टोकास गोलाईचा व मृदू असा ‘रोमँटिक’ प्रकार येतो. मधल्या प्रदेशात ‘नॅचरल’, ‘क्लासिक’ आणि ‘गॅमीन’ हे तीन प्रकार आहेत. नॅचरलमध्ये यांग् बोथट झालेले असते; क्लासिकमध्ये दोन्ही तत्त्वे एकजीव होतात; गॅमीनमध्ये ती परस्परविरोधाने शेजारी नांदतात. या पाचांना ‘सॉफ्ट’, ‘फ्लॅम्बॉयंट’, ‘थिअट्रिकल’ यांसारखी विशेषणे जोडून एकंदर १३ वर्ग सिद्ध होतात.

या मांडणीचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. देहाला पेअर, सफरचंद अथवा वाळूचे घड्याळ यांची उपमा देणाऱ्या प्रचलित पद्धतीत एक आकृती आदर्श ठरते आणि बाकीच्या आकृती झाकावयाच्या उणिवा ठरतात. किबी यांनी ही दिशा पालटली. देहाने वेषास अनुरूप व्हावयाचे नसून वेषाने देहास अनुरूप व्हावयाचे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. रुंद खांदा त्यांच्या लेखी दोष नव्हे. तो वेषाच्या रेषेचा आरंभबिंदू आहे.

तथापि ज्या परिभाषेवर ही इमारत उभी आहे ती तपासू लागताच अडचणी दिसू लागतात. यिन् आणि यांग् हे शब्द मुळात डोंगराच्या छायेकडील व उन्हाकडील अंगांचे वाचक आहेत, आणि त्यांचा अर्थ सापेक्ष आहे. कोणतीही वस्तू स्वतःपुरती यिन् नसते. ती दुसरीच्या तुलनेने तशी असते. १९८७ च्या ग्रंथातील प्रश्नावलीने मात्र त्यांचे पट्टीवरील स्थिर बिंदू केले. अस्थी, मांसलता आणि चेहरेपट्टी यांविषयीच्या प्रश्नांना अ पासून इ पर्यंत पाच उत्तरे देऊन त्यांच्या बेरजेवरून वर्ग ठरवावयाचा, अशी ती योजना होती. ‘किंचित रुंद’ हे उत्तर निवडताना कोणाहून रुंद, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

दुसरी अडचण वर्गनामांची. ‘ड्रॅमॅटिक’ वा ‘रोमँटिक’ ही अस्थींची विशेषणे नव्हेत; ती स्वभावाची आहेत. त्यामुळे ‘तिचे खांदे टोकदार आहेत’ या विधानावरून ‘ती ड्रॅमॅटिक आहे’ या विधानावर येताना वर्णनाचे नकळत व्यक्तिमत्त्वनिदान होते. असे सरकणे केवळ इंग्रजीतच घडते असे नाही. मराठीत एकच कृश देह प्रशंसेत ‘शेलाटा’ आणि निंदेत ‘किडकिडीत’ होतो. आपल्या कामशास्त्रातील पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी या विभागणीतही देहलक्षण आणि शील एकाच नामात बांधलेले आहे. भेद इतकाच की तेथे पाहणारा पुरुष होता. येथे स्त्री स्वतःलाच पाहते.

तिसरी अडचण तर्काची आहे. प्रत्येक वर्ग चित्रपटतारकांच्या उदाहरणांनी स्पष्ट केला जातो. ऑड्री हेपबर्न ‘फ्लॅम्बॉयंट गॅमीन’, तर मॅरिलिन मन्रो ‘रोमँटिक’. परंतु हेपबर्न यांची जी प्रतिमा मनात ठसली आहे, ती घडविण्यात १९५४ च्या ‘सॅब्रिना’पासून ह्युबेर द जिव्हाँशी यांच्या वेषांचा मोठा वाटा आहे, मन्रो यांच्या प्रतिमेत विल्यम ट्रॅव्हिला यांचा. ज्या वेषांतून देह ओळखला, त्याच देहास तो वेष शोभतो असे म्हणणे हा अन्योन्याश्रय दोष होय. सिद्ध करावयाचे ते येथे आधीच गृहीत धरले आहे.

पुढील काळात किबी यांनी शुद्ध नॅचरल, शुद्ध क्लासिक आणि शुद्ध गॅमीन हे वर्ग वगळले व १० वर्ग उरले. भाषाभ्यासकास ही घटना विशेष बोधप्रद वाटावी. ‘सॉफ्ट क्लासिक’ हे विशेषणयुक्त रूप राहिले. ज्याच्या तुलनेने ते ‘सॉफ्ट’ ठरावयाचे ते निर्विशेषण रूप मात्र रिकामे झाले. मूळ नाम आता केवळ कुलवाचक आहे, असे समर्थन करता येईल. पण मग ही कुले तीक्ष्ण सीमांची नसून एलिनॉर रॉश यांनी १९७० नंतरच्या दशकात वर्णिलेल्या आदिरूपकेंद्री वर्गांसारखी आहेत, हेही स्वीकारावे लागेल. अशा वर्गात सभासदत्व कमीअधिक असते, आणि कित्येक व्यक्ती दोन केंद्रांच्या मध्येच राहतात.

येथेच या चर्चेचे व्यावहारिक महत्त्व आहे. ज्या स्त्रीस आपला वर्ग सापडत नाही ती वर्गीकरणास दोष न देता स्वतःच्या देहास अथवा दृष्टीस दोष देते. म्हणजे जे ओझे उतरविण्याचे अभिवचन होते तेच नव्या नावाने परत येते. शिवाय ही सारी व्यवस्था कापून शिवलेल्या वस्त्रावर आधारलेली आहे. न कापलेले नऊवारी लुगडे भिन्न बांध्याच्या मायलेकी आलटून पालटून नेसू शकतात, कारण अनुरूपता तेथे वस्त्रात नसून नेसण्यात असते. तात्पर्य, किबी यांचे वर्ग हे देहाची रेषा पाहावयास शिकविणारी तुलनासाधने म्हणून उपयुक्त आहेत; स्त्री कोण आहे, हे सांगण्याचा अधिकार मात्र त्यांना पोहोचत नाही.