शंभर उष्मांकांचे माप

ल्युलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टर विदुषींचा ‘डाएट अँड हेल्थ’ हा ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला. वजन घटवू इच्छिणाऱ्या सामान्य वाचकांत उष्मांकगणना रूढ करण्याचे श्रेय त्यास दिले जाते. त्यातील कोष्टकांत प्रत्येक पदार्थाचे सुमारे १०० उष्मांक देणारे प्रमाण दिलेले आहे. प्रथिने, मेद व कर्बोदके ग्रॅमागणिक मोजणाऱ्या आजच्या पद्धतीपुढे हे माप ओबडधोबड भासते. तथापि हा आक्षेप टिकणारा नाही.

दोहोंचा पाया एकच आहे. ॲटवॉटर यांच्या गुणकांप्रमाणे प्रथिने व कर्बोदके ग्रॅममागे ४ आणि मेद ९ उष्मांक देतात. परंतु हे गुणक मिश्र आहाराच्या सरासरीचे होत, एकेका पदार्थाचे नव्हेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बदामांची प्रत्यक्ष ऊर्जा गणितापेक्षा सुमारे एकचतुर्थांशाने कमी आढळली. गुणकच स्थूल असता तराजूच्या सूक्ष्मतेने उत्तर सूक्ष्म होत नाही. उलट वजन न घटल्यास माणूस आकड्याऐवजी स्वतःच्या निग्रहालाच दोष देतो.

मात्र या मापाची एक मर्यादा नाकारता येत नाही. शंभर उष्मांकांचे लोणी आणि शंभर उष्मांकांची डाळ त्यात समान ठरतात. आहार घटवताना प्रथिने अपुरी पडल्यास मेदाबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून प्रथिनांची नोंद स्वतंत्र हवी. पण तीही अदमासे पुरे. ग्रंथाचे खरे मोल त्याच्या आकड्यांत नसून त्या आकड्यांच्या विनयात आहे.