लोकलय आणि वाद्यवृंद : 'स्लाव्होनिक डान्सेस' व पडद्यावरची लावणी

कोल्हापूरच्या चित्रपट परंपरेशी जवळीक असलेल्या लावणीविषयीची चर्चा बहुधा 'अस्सल की नक्कल' या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. लोकसंगीतातून नेमके काय घेतले गेले, हा त्याआधीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यासाठी झेक संगीतकार अंतोनिन द्व्होर्झाक (1841–1904) यांच्या 'स्लाव्होनिक डान्सेस'चे उदाहरण उद्बोधक ठरते.

ब्राम्सच्या 'हंगेरियन डान्सेस'च्या यशानंतर बर्लिनचे प्रकाशक झिमरोक यांनी तशाच रचना द्व्होर्झाककडे मागितल्या. 1878 मधील पहिला आठ नृत्यांचा संच आधी एका पियानोवर दोघांनी वाजवण्यासाठी लिहिला गेला व लगेच वाद्यवृंदासाठी बांधला गेला. मात्र दोन संगीतकारांची वाट एक नाही. ब्राम्सने बव्हंशी प्रचलित चाली घेतल्या. द्व्होर्झाकने चाली स्वतःच्या रचल्या आणि लोकनृत्याकडून घेतली ती लय.

पहिल्या संचातील आठवे, जी मायनरमधील नृत्य 'फुरियांट' या झेक प्रकाराचे आहे. त्यातील सहा मात्रा आधी दोन-दोनच्या तीन गटांत पडतात, मग तीन-तीनच्या दोन गटांत. दादऱ्याची तीन-तीनची विभागणी कानांत मुरलेल्या श्रोत्याला हा झटका विशेष जाणवेल. तालवाद्यांसह सारा वाद्यवृंद हा आघात उचलतो, आणि मायनर-मेजरची ये-जा त्यात अस्वस्थता भरते. एकही लोकचाल न उसनवारता रचना झेक वाटते, ती या लयसंघर्षामुळे. (1886–87 च्या दुसऱ्या संचात स्लाव्ह जगातील इतर नृत्येही येतात, तिथली दुसरी, ई मायनरमधील रचना तर नृत्यापेक्षा उसाशासारखी आहे.)

या कसोटीवर अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (1959, संगीत वसंत पवार) आणि कोल्हापुरात वास्तव्य केलेल्या जगदीश खेबुडकरांची गीते असलेला 'पिंजरा' (1972, संगीत राम कदम) ऐकावेत. चाली संगीतकारांच्या स्वतःच्या आहेत, म्हणून त्यांना नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. ढोलकीचा जोर तर स्टुडिओतील वाद्यमेळातही मागे पडत नाही.

हानी झाली ती वेगळ्या जागी. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हापुन्हा घेऊन, दरवेळी निराळ्या अदेने तिचा अर्थ उलगडला जातो. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूत मावणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांत त्याला जागाच नव्हती. फुरियांटचे मर्म आघातात असल्याने ते स्वरलिपीत उतरले. लावणीचे अर्धे मर्म गाणारी आणि समोर बसलेला रसिक यांच्यामधल्या अवकाशात असते. सभागृहातील 'स्लाव्होनिक डान्स'पुढेही कोणी नाचत नाही, हे खरे. पण त्या रचनेला नर्तकाच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. ढोलकीवाल्याला मात्र ती पाहावी लागते.