सनदेतील ‘मुक्त’ : अनुज्ञप्तीच्या वाक्याचे एक परीक्षण

मानके ठरविणाऱ्या मंडळाची सनद प्रथमदर्शनी निव्वळ कार्यालयीन कागद वाटते. परंतु तीतील अनुज्ञप्तीविषयक एखाददुसऱ्या वाक्यावर त्या मंडळाच्या श्रमाचे फळ कोणाच्या हाती पडणार हे ठरते. म्हणून त्या वाक्याचे भाषिक परीक्षण उपेक्षणीय नाही.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेचे उदाहरण बोधप्रद आहे. तिच्या जुन्या दस्तऐवज-अनुज्ञप्तीने मानकाची नक्कल करण्यास मुभा होती. त्यात फेरफार करून नवी कृती रचण्यास नव्हती. २०१५ मध्ये सॉफ्टवेअर व दस्तऐवज या दोहोंना लागू पडणारी उदार अनुज्ञप्ती सिद्ध झाली. कार्यगटांच्या सनदांत आता ‘आपल्या सर्व निर्मितीस अमुक अनुज्ञप्ती लागू राहील’ अशा अर्थाचे एकच वाक्य येते. त्याचा गुण असा की, ते औदार्याचे वर्णन करीत नाही. अनुज्ञप्तीचे नाव घेते. डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हे दुसरे मंडळ याहून पुढे गेले. त्याच्या मानकांचा पाठ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशी अनुज्ञप्तीखाली आहे. मात्र त्यातील जो अंश आज्ञावलीत उतरेल त्यास बीएसडी अनुज्ञप्ती लागू होते.

अशी सनद मराठीत लिहिताना तीन ठिकाणी घसरण्याचा संभव आहे. पहिले ठिकाण ‘मुक्त’ हा शब्द. इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दात जे दोन अर्थ एकवटले आहेत, त्यांसाठी मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे वेगळे शब्द आहेत. तरीही ‘मुक्त’ लिहावे आणि ‘मोफत’ वाचले जावे, असे वारंवार घडते. दुसरे ठिकाण ‘वापरता येईल’ ही रचना. ‘पायी जाता येईल’ यात शक्यता आहे, तर ‘आत जाता येणार नाही’ यात मनाई. शक्यता व परवानगी यांतील भेद ही रचना दाखवीत नाही.

तिसरे ठिकाण मौन, आणि तेच सर्वांत घातक. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलमे १९ व ३०अ एकत्र वाचली असता, अनुज्ञप्तीत मुदत सांगितली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश सांगितला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. मसुदाकाराचे मौन कायदा आपल्या शब्दांनी भरून काढतो.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षररूपे प्रमाणित केली. वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरच्या एखाद्या शिक्षकाने संगणकीय टंकातील ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे त्या वळणाची करून विद्यार्थ्यांना द्यावयाचे मनात आणले, तर त्या निर्णयातील वळण त्याच्यापुढे असते. टंकात बदल करण्याचा अधिकार मात्र अनुज्ञप्तीच देऊ शकते. टंकांसाठी प्रचलित असलेली एसआयएल संस्थेची खुली अनुज्ञप्ती तो देते. पण मूळ नाव राखीव असल्यास बदललेल्या टंकास ते लावू देत नाही. केवळ ‘मुक्त’ या विशेषणावरून ही अट कोणास कळणार?

तेव्हा सनदेत विशेषणापेक्षा क्रियापदास महत्त्व असावे : ‘वापरण्याची, फेरफार करण्याची आणि प्रती वाटण्याची परवानगी कोणासही, कोणत्याही देशात, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी देण्यात येत आहे.’ वाक्य रुक्ष आहे खरे. परंतु दात्याची उदारता घेणाऱ्यापर्यंत पोचविण्याचे सामर्थ्य या रुक्षतेतच आहे.