आशय, घाट आणि टायर

मराठी माणूस कशाचीही समीक्षा करू शकतो. नाटकाची करतो, दिवाळी अंकाची करतो, लग्नातल्या जिलबीची तर पंगत उठायच्या आत करतो. गाडी घेताना तिचा रंग, तिची डिकी, छतातली काचेची खिडकी आणि चहाचा कप ठेवायचे खळगे यांवर घराघरांतून आठ-आठ दिवस परिसंवाद झडतात. पण शोरूममध्ये गुडघे टेकून टायर वाचणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. टायर हे गाडीबरोबर आलेले असतात. नव्या नवरीबरोबर पाठराखीण येते तसे. तिचं नाव-गाव कुणी विचारत नाही.

वास्तविक अख्ख्या गाडीत वाचण्यासारखा मजकूर असतो तो टायरवरच. आमच्या एसयूव्हीच्या टायरवर ‘२३५/६५ आर १७ १०४ एच’ अशी ओळ आहे. वरवर पाहता नवकविता वाटते, पण अर्थ लागतो एवढाच फरक. २३५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, ती या रुंदीच्या पासष्ट टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. (हसू नका. आपणही कापड मीटरवर घेतो आणि मुलीसाठी स्थळ फूट-इंचांत मोजतो.) १०४ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ, एक टायर नऊशे किलो पेलेल. ‘एच’चा अर्थ, ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत तो टिकेल. पुण्यातल्या वाचकाने हे शेवटचं अक्षर कल्पनाविलास म्हणून सोडून द्यावं.

एवढं सगळं लिहून लेखकाने मुद्द्याची गोष्ट मात्र गाळलेली असते. ती म्हणजे, पावसात ब्रेक दाबला तर हा गृहस्थ थांबणार आहे की नाही?

आमच्या कारखानदत्त टायरांबद्दल हा प्रश्न मला ताम्हिणी घाटात पडला. तोवर त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. कोरड्या रस्त्यावर ते मांजरासारखे चालत. आवाज नाही, दणका नाही, डिझेलही बेताचं. गाडी बावीस हजार किलोमीटर चाललेली, टायरांवरची नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक, हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात लिहिली आहे तेवढीच. मुळशी मागे टाकून आम्ही घाटात शिरलो. जुलैचा पाऊस. वेग चाळीस. वळणावर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध विचार करीत उभी. मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची खडखड सुरू झाली, पण गाडी आपली म्हशीच्या दिशेने निघाली ती निघालीच. बायकोने खिडकीवरची मूठ धरली, मागे आईने ‘श्रीराम’ म्हटलं. म्हशीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. म्हशीने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. त्या प्रसंगी शांत असलेली ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला मुलगा म्हणाला, “सर, टायर आमच्या वॉरंटीत येत नाही. टायर टायर कंपनीचा.” टायर कंपनीच्या इंजिनियरने टायर ठोकून, चेपून, खोली मोजून सांगितलं, “टायर स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे.”

“स्पेसिफिकेशन कुणाचं?” मी विचारलं.

“गाडी कंपनीचं.”

म्हणजे स्वयंपाक कुणी केला विचारावं तर म्हणे आचाऱ्याने, आणि मीठ किती घालायचं हे ठरवलं कुणी, तर यजमानाने. जेवणाऱ्याचा कुठे संबंधच येत नाही.

आता निःपक्षपाती समीक्षकाने एक मान्य केलं पाहिजे. तो इंजिनियर खोटं बोलत नव्हता. कारखान्यातून येणारा टायर सहसा वाईट नसतो. तो दुसऱ्या वाचकासाठी लिहिलेला असतो. गाडी बनवणारे टायरवाल्याला सांगतात, वजन एवढं, आवाज एवढा, किंमत एवढी आणि मुख्य म्हणजे मायलेज एवढं. मायलेजचा जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत निघतो. तिथे गाडी रोलरवर उभी राहून धावते. तिथे ताम्हिणी नाही, पाऊस नाही आणि म्हैस तर नाहीच नाही. दुसरा वाचक म्हणजे टेस्ट ड्राइव्ह घेणारा तुमच्या-माझ्यासारखा माणूस. तो शोरूमभोवती एक चक्कर मारतो आणि “काय स्मूद आहे हो!” म्हणून बुकिंगचे पैसे भरतो. या दोन परीक्षकांपुढे टायर पहिल्या वर्गात पास होतो. तिसरा परीक्षक म्हणजे पाऊस. तो पेपर काढणाऱ्यांच्या कमिटीवर असतोच असं नाही.

यात रबराचाही एक स्वभावदोष आहे. चाक फिरताना टायर जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, म्हणजेच तुमचं डिझेल जातं. चटकन पूर्ववत होणारं रबर घेतलं तर डिझेल वाचतं. पण रस्त्याच्या खडीच्या बारीकसारीक उंचसखलपणात शिरून, जरा रेंगाळून तिला धरून ठेवायचं, तर नेमकं तेच आळशी रबर लागतं. चटपटीत माणूस एका जागी टिकत नाही आणि टिकणारा माणूस चटपटीत नसतो, हा अनुभव ऑफिसात आपल्या सर्वांना आहेच. मिशेलिनने १९९२ मध्ये रबरात सिलिका मिसळून हे भांडण बरंच मिटवलं, आणि आज चांगल्या टायरांत सिलिका असते. तरी पकड, मायलेज आणि आयुष्य हे तीन भाऊ एका घरात पूर्ण सुखाने नांदताना अजून कुणी पाहिलेले नाहीत. एकाला जास्त वाढलं की दुसऱ्याच्या ताटात कमी पडतंच. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरांना ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांच्या मर्यादा घालून दिल्या हे चांगलंच झालं. पण त्या किमान मर्यादा आहेत. पस्तीस टक्क्यांनी पास होता येतं म्हणून पस्तीस टक्केवाल्या डॉक्टरकडून कुणी ऑपरेशन करून घेत नाही.

गाडीवाला आणि टायरवाला एकमेकांकडे बोट दाखवू लागले की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. फोर्ड आणि फायरस्टोन यांचा घरोबा जुना. १९०६ साली हेन्री फोर्डने हार्वे फायरस्टोनकडून टायर घेतले तेव्हापासूनचा. पुढे १९४७ मध्ये हेन्रीचा नातू आणि हार्वेची नात यांचं लग्न झालं, म्हणजे धंद्याची सोयरीक खरोखरीची सोयरीक झाली. मग २००० च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनला ६५ लाख टायर परत मागवावे लागले. यातले बरेचसे फोर्डच्या ‘एक्स्प्लोरर’ या एसयूव्हीला कारखान्यातच बसवलेले होते. चालत्या गाडीत टायरचा वरचा थर सुटायचा आणि उंच गाडी कोलांटी खायची. अमेरिकी सरकारच्या नोंदीत मृतांचा आकडा २०० च्या पुढे गेला. फोर्ड म्हणे टायर खराब, फायरस्टोन म्हणे गाडी खराब. फोर्डने हवा २६ पौंड सांगितली होती, फायरस्टोनच्या मते ती ३० हवी होती. मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डला टायर देणं बंद केलं. त्या वेळी फोर्डच्या अध्यक्षपदावर कोण होतं? त्या लग्नातला मुलगा. वाद चालू असताना गाडीत बसलेल्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, तुम्हाला कसला टायर हवा आहे?

तेव्हा नवे टायर आपल्या पसंतीने घ्यायचं ठरवलं. ही बातमी फुटताच मेहुणे हजर झाले. टायरांच्या समीक्षेत तीन पंथ आहेत. एच-टी म्हणजे रस्तावादी, एम-टी म्हणजे चिखलवादी आणि ए-टी म्हणजे मधले समन्वयवादी. आमचे मेहुणे कट्टर समन्वयवादी.

“दाजी, ए-टीच टाका. पांढरी अक्षरं असलेले. गाडी कशी वाघासारखी दिसेल!”

“घाटात चालेल का?”

“अहो, दगडातनं, चिखलातनं, नदीतनं जाईल.”

मेहुण्यांची स्वतःची गाडी मॉलच्या पार्किंगपलीकडे कधी गेलेली नाही, आणि तिथली नदी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एसीचं ठिबकणारं पाणी. ए-टीची नक्षी मोठ्या, सुट्या ठोकळ्यांची असते. ती मातीत आणि दगडात पाय रोवते यात शंका नाही. ज्याचं शेत जांभ्याच्या कच्च्या वाटेवर आहे, त्याने खुशाल घ्यावी. पण ओल्या डांबरावर हे ठोकळे सहसा चांगल्या एच-टीइतके धरत नाहीत. शिवाय वजन जास्त, आवाज जास्त, डिझेल जास्त. आम्ही वर्षातून साडेतीनशे दिवस डांबरावर असतो. उरलेल्या दिवसांसाठी गाडीला गमबूट घालून बारमाही फिरवायचं काही कारण नाही.

मग दुकान. दुकानदार म्हणाला, “साहेब, एकदम फ्रेश माल आहे.” टायर ही भाजी नव्हे, पण ताजा-शिळा हा भेद तिलाही आहे, आणि सुदैवाने तो लिहिलेला असतो. टायरच्या बाजूला ‘डीओटी’पासून सुरू होणारी अक्षरं असतात, त्यांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदाराच्या पहिल्या ‘फ्रेश’ टायरवर नेमका हाच आकडा होता. “रबर आहे साहेब, त्याला काय होतंय?” रबराला ऊन, ऑक्सिजन आणि वय, तिन्ही होतं. माणसासारखंच ते वयानुसार कडक होत जातं आणि धरून ठेवायची ताकद हरवतं. मी दुसरे काढायला लावले.

पुढे त्याने एक माप मोठं घ्यायचा आग्रह केला. घेतलं नाही. बाहेरचा व्यास वाढला की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, आणि चाक वळताना आतल्या पत्र्याला घासण्याची भीती. वजनाचा आकडा १०४ च्या खाली जाऊ दिला नाही. नायट्रोजन भरू का, असंही त्याने विचारलं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. वरच्या बावीस टक्क्यांसाठी वेगळे पैसे देणं मला परवडलं नाही. दोनच टायर बदलून भागवा, असा शेवटचा प्रेमळ सल्ला मिळाला. दोनच घ्यायचे झाले तर नवे मागे बसवावेत, कारण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. मी चारही घेतले.

मराठी समीक्षेत आशय आणि घाट यांवरून फार वाद झाले. टायरपुरता तो मिटवायला हरकत नाही. रबर हा आशय, नक्षी हा घाट, आणि दोन्हींची परीक्षा तिसऱ्याच घाटात. मी निवडलेले टायर एच-टी, चार खोल उभ्या चऱ्यांचे, पाणी बाजूला सारणारे, ओल्या रस्त्यावर थांबण्याच्या चाचण्यांत वरचा नंबर असलेले. दोष सांगायचे तर आवाज पूर्वीपेक्षा थोडा जास्त आहे. मायलेज लिटरमागे अर्ध्या किलोमीटरने उतरलं. किंमत बघून बायको म्हणाली, एवढ्यात फ्रीज आला असता. फ्रीज घाटात थांबत नाही, हे उत्तर मी मनातल्या मनात दिलं.

आमची गाडी माणसांसकट दोन टनांच्या आसपास भरते. रस्त्याशी तिचं नातं असतं ते चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढं. इंजिनाची ताकद, ब्रेकची हुशारी, सहा एअरबॅगा, देवाचा फोटो, सगळ्यांना आपलं काम त्या चार तळहातांतूनच करावं लागतं. नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा छतातल्या खिडकीतून चांदणं जरूर पाहा. पण त्याआधी जरा वाका, टायर वाचा आणि विक्रेत्याला विचारा, “हा कुणासाठी लिहिलाय?” तो गोंधळेल. तुमच्याबरोबर आलेले मेहुणेही गोंधळतील. गोंधळू द्या. पावसात ब्रेक तुम्हाला दाबायचा आहे, आणि मागच्या सीटवर आई तुमची बसलेली असणार आहे.