'सुरक्षित' म्हणजे किती सुरक्षित?

लग्नसराई जवळ आली की निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावीही गोरे करणाऱ्या क्रीमची चर्चा सुरू होते. शहरांतून येणाऱ्या जाहिरातींत आता गालांत, ओठांत सुईने भरायच्या 'फिलर'चीही भर पडली आहे. 'नैसर्गिक', 'सुरक्षित', 'दुष्परिणाम नाहीत' हे शब्द दोन्हीकडे सारखेच. आमचा आक्षेप या शब्दांनाच आहे. वर्गात आपण मोजमापाशिवाय विधान मान्य करीत नाही. मग येथे का करावे?

अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे २०२३ साली उजेडात आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेतल्यावर कारण सापडले : स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेले क्रीम. त्यात पारा होता. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराचे काम पारा रोखतो, म्हणून त्वचा उजळते. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडांत पोहोचतो. म्हणजे झटपट आलेला 'गुण' हीच धोक्याची खूण असू शकते. डोळ्यांची प्रसाधने वगळता, नकळत मिसळणाऱ्या पाऱ्याची कायदेशीर मर्यादा दहा लाख भागांत १ भाग एवढीच आहे.

'नैसर्गिक' हा शब्दही असाच फसवा. अनेक फिलरमधील हायलुरोनिक आम्ल आपल्या शरीरात असतेच. १९३४ साली मेयर व पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळे केले. पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले, तर रक्तपुरवठा तुटून त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. हे फिलर हायलुरोनिडेज या विकराने विरघळवता येते. सिलिकोनला असा उतारा नाही. १८९९ साली व्हिएन्नाच्या गेर्सुनी यांनी टोचून वापरात आणलेले पॅराफिनही आधी निरुपद्रवीच वाटले होते. गाठी मागाहून आल्या.

तेव्हा प्रश्न विचारावेत. पदार्थ कोणता? वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना व बॅच क्रमांक आहे का? टोचणारी व्यक्ती या कामाचे प्रशिक्षण घेतलेली डॉक्टर आहे का? बिघडल्यास उतारा हाताशी आहे का? शिक्षकांनी रिकामी वेष्टने वर्गात मागवून हा तक्ता मुलांकडून भरून घ्यावा.

एक प्रश्न मात्र तक्त्यात बसणार नाही. सावळ्या मुलीत उणे ते काय, की तिने मूत्रपिंड पणाला लावावे? त्याचे उत्तर मुलींनी नव्हे, आपण द्यायचे आहे.